उडी कुणासाठी?

मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या कुणालाही हिरकणी नव्याने सांगावी लागत नाही. कोजागिरीची रात्र, गडावर दूध घालायला आलेली गवळण, बंद झालेले रायगडाचे दरवाजे, घरी पाळण्यात एकटे पडलेले तान्हे मूल आणि मग तो कडा. या कथेला कागदोपत्री आधार किती, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. बुरूज तिच्या नावाने ओळखला जातो आणि एस.टी.ने आपल्या निमआराम गाड्यांनाही तिचेच नाव दिले. एवढे भाग्य आपल्याकडे फार थोड्या बायकांच्या वाट्याला आले आहे.

मलाही ही गोष्ट लहानपणापासून आवडते. वय वाढत गेले तशी मात्र तिच्यातली एक अट मला खटकू लागली. घरी मूल नसते तर? समजा, एखादी धट्टीकट्टी गवळण, 'बघू तरी उतरता येतं का' एवढ्याच कारणासाठी कडा उतरली असती, तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का? मला नाही वाटत. घरच्यांनी तिला हातपाय मोडून घ्यायचे धंदे सुचतात म्हणून झापले असते आणि गावाने चार दिवस चघळून विषय सोडून दिला असता. कडा तोच, उतार तोच, सोललेले गुडघेही तेच. फरक एवढाच, की खाली कुणी वाट पाहत नव्हते.

ही तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची मनोवृत्ती आहे असे कुणी म्हणेल. तर मग अलीकडचे पाहू. २०१३-१४च्या सुमारास बारामतीत ज्येष्ठ नागरिकांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीजवळ येऊन शेतमजुरी करणाऱ्या लता करे तिच्यात नऊवारी साडी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या आजाराच्या तपासणीला पैसे हवे होते, बक्षीस पाच हजारांचे होते. सगळ्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. २०२० मध्ये त्यांच्याच नावाचा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. हे सारे योग्यच झाले. त्या बाईंपुढे मी हात जोडतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या पुढच्या वर्षांतही धावल्या आणि जिंकल्या. पुढच्या शर्यतींची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. आपल्या डोळ्यांत पाणी आणले ते पहिल्या शर्यतीने, कारण तिथे पलीकडे नवरा होता.

आणि म्हणूनच मला जगातल्या मूठभर म्हाताऱ्या बायकांचे फार कौतुक वाटत आले आहे. या बायका साठीत, सत्तरीत, ऐंशीच्याही पुढे हातात लांबलचक काठी घेऊन धावत सुटतात, ती जमिनीतल्या खोबणीत रोवतात, पाय वर आणि डोके खाली अशा अवस्थेत हवेत जातात आणि एका आडव्या दांडीपलीकडे पडतात. पलीकडे मूल नसते, आजारी नवरा नसतो. पलीकडे फक्त गादी असते.

आपली वर्तमानपत्रे या खेळाला बांबूउडी म्हणतात, जरी बांबू त्यातून केव्हाच गेला. एके काळी तो खराखुरा होता. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये बांबूच्याच काठीने ४.७७ मीटर उडी मारली होती आणि तीही खाली वाळू-भुशात पडायच्या जमान्यात. पुढे धातूच्या काठ्या आल्या आणि नंतर काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, धनुष्यासारख्या वाकणाऱ्या. तत्त्व सोपे आहे. जितका वेग धावण्यात, तितका तो काठीच्या वाकण्यात साठतो आणि काठी सरळ होताना माणसाला वर फेकते. हिशेब बँकेच्या ठेवीसारखा आहे. आधी भरल्याशिवाय नंतर मिळत नाही, आणि मुदत संपायच्या आत हात सोडला तर नुकसान ठरलेले. काठी खेळाडूच्या वजनाप्रमाणे निवडावी लागते. वजन वाढले की काठी बदला, ताकद घटली की काठी बदला. उतारवयात शरीराशी इतका प्रामाणिक व्यवहार करायला लावणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

आता या खेळातल्या बायकांचा इतिहास. पुरुषांची बांबूउडी १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून आहे. बायकांची ऑलिंपिकमध्ये आली २००० साली, सिडनीला. मध्ये १०४ वर्षे गेली. तिथे अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलाने ४.६० मीटरवर सुवर्ण घेतले. २००५ मध्ये रशियाच्या येलेना इसिनबायेवाने पाच मीटरची वेस ओलांडली आणि २००९ मध्ये ५.०६ मीटरवर विक्रम नेऊन ठेवला. नऊ-दहा वर्षांत एवढी मजल. एवढी वर्षे बायकांना हे झेपायचे नाही असे सांगणाऱ्यांनी नंतर काय तोंड केले कोण जाणे.

अशा समजुतींचा मासला १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅमचा. तिथे बायकांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली, जर्मनीच्या लीना राड्केने ती जिंकली, आणि शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या. दमलेली माणसे खाली बसतात, त्यात नवल ते काय! पण वार्ताहरांनी तिखटमीठ लावले आणि ती शर्यत बायकांसाठी थेट १९६० पर्यंत बंद झाली. बत्तीस वर्षे. एवढ्या काळात एका मुलीची आजी होते.

दार उघडले की आपल्या मुलीही आत शिरतात, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसले आहे. बायकांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा १९८४ ला आली, आणि त्याच पहिल्या खेपेला पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. बायकांची स्टीपलचेस आली २००८ मध्ये. आठच वर्षांनी सातारा जिल्ह्यातल्या माणच्या दुष्काळी मुलखातली ललिता बाबर रिओला तिच्या अंतिम फेरीत दहावी आली. बांबूउडीत तमिळनाडूच्या व्ही. एस. सुरेखाने २०१४ मध्ये ४.१५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याच राज्याच्या रोझी मीना पॉलराजने ४.२० मीटर जाऊन तो मोडला. मुलींच्यात दम नव्हता असे कधीच नव्हते. यादीत त्यांच्या नावाचा रकाना नव्हता.

एवढे तपशील देण्याचे कारण आहे. प्रौढांच्या, म्हणजे मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सच्या, जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये टोरांटोला सुरू झाल्या. पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट. पस्तीस ते एकोणचाळीस, मग चाळीस, पंचेचाळीस, असे थेट शंभरीपर्यंत. प्रत्येक गटाचा विक्रम वेगळा. इथे वाढदिवस फायद्याचा असतो, कारण एकोणसाठ संपून साठ लागले की तुम्ही नव्या गटातले सर्वांत तरुण. बँकेत साठीला अर्धा टक्का जादा व्याज मिळते तेव्हा ठेवीदाराच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला आहे, तोच हा.

या गटांत उडी मारणारा साठीचा पुरुष बहुधा परत आलेला असतो. शाळा-कॉलेजात त्याने काठी धरलेली असते, मग नोकरी, मुले, पोट सुटणे, आणि निवृत्तीनंतर जुने प्रेम आठवणे. त्याच्या उडीत आठवण असते. त्याच वयाच्या बाईचे तसे नाही. कॅलिफोर्नियाच्या नॅडीन ओकॉनर यांचा जन्म १९४२ चा. बायकांची बांबूउडी ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. तरुणपणी त्यांना हा खेळ सोडून द्यायचीसुद्धा सोय नव्हती, कारण तो त्यांच्यासाठी अस्तित्वातच नव्हता. त्यांनी पुढे साठी, पासष्टी आणि सत्तरी अशा तिन्ही गटांत जागतिक विक्रम केले. साठीनंतरची त्यांची उडी तीन मीटरच्या घरातली. तीन मीटर म्हणजे किती, हे पाहायचे तर आपल्या खोलीतल्या पंख्याच्याही वर, स्लॅबकडे नजर टाका. व्हरमाँट राज्यातल्या फ्लो मायलर यांनी साठाव्या वर्षी मैदानी खेळ सुरू केले आणि पासष्टाव्या वर्षी बांबूउडी. २०१९ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्या स्पर्धेत उतरत होत्या. पुरुषांचे हे विक्रम पुनरागमनाचे आहेत. या बायकांचे विक्रम आरंभाचे आहेत. विक्रमांच्या तक्त्यात पुरुषांचे आकडे मोठे दिसतात म्हणून जे हसतात, त्यांना हा फरक कळलेला नसतो.

हसण्याचे दुसरेही एक कारण असते, ते म्हणजे एकटीची शर्यत. जून २०२२ मध्ये वडोदऱ्याला राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. हरियाणातल्या कादमा गावच्या रामबाई १०५ व्या वर्षी शंभर मीटर धावल्या, ४५.४० सेकंदांत. पंच्याऐंशीच्या वर दुसरी कुणीच नव्हती म्हणून त्या एकट्याच धावल्या. त्यांच्याआधी हा मान चंदिगडच्या मान कौर यांचा. त्यांनी ९३ व्या वर्षी धावायला सुरुवात केली, २०१७ मध्ये ऑकलंडला १०१ व्या वर्षी सुवर्णपदक घेतले आणि २०२१ मध्ये त्या गेल्या. ऐंशीच्या वरच्या बांबूउडीत तर यादीत एक-दोन नावे असली तरी खूप. 'एकटीच धावली म्हणजे पहिली येणारच की!' हा विनोद मी निदान पाच जणांच्या तोंडून ऐकला आहे, आणि पाचही पुरुष होते. त्यातल्या एकालाही जिना चढताना कठडा लागतो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे.

मी पस्तीसेक वर्षे बँकेत काढली. नवी शाखा उघडली की पहिल्या दिवशी खतावणीत एकच खाते असते. त्या दिवशी त्या शाखेतला सर्वांत मोठा ठेवीदारही तोच आणि सर्वांत लहानही तोच. त्याला कुणी हसत नाही. उलट व्यवस्थापक त्याला चहा पाजतो, कारण त्या एका नोंदीशिवाय दुसरी नोंद करायला पान नसते. ऐंशी वर्षांच्या बाईने मारलेली दीड-पावणेदोन मीटरची उडी ही अशी पहिली नोंद आहे. तिच्यामुळे पुढच्या बाईला काहीतरी मोडायला मिळते.

बँकेतलीच दुसरी एक गोष्ट. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. पुरुष एकटे येतात, दोन-चार जण मिळून येतात, साहेबांच्या खोलीत डोकावून राजकारण बोलतात. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बायका मुलाचा नाहीतर सुनेचा हात धरून येत. चालता येत असूनही. 'आई, जपून', 'आई, पायरी', 'आई, तू बस, मी करतो.' प्रेमच ते, नाकारण्याचे कारण नाही. पण बाई साठीला आली की तिच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत 'जपून' हा शब्द किती वेळा येतो ते एकदा मोजून पाहा. चाळिशीत पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन दोन मजले चढणाऱ्या बाईला वीस वर्षांनी आपण पायरी दाखवतो. मधल्या काळात तिचे स्नायू गेले की आपला विश्वास गेला, याची चौकशी कुणी करत नाही.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाळी गेल्यावर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होतात, खुब्याचे हाड मोडले की पुष्कळ जणी पुन्हा पूर्वीसारख्या चालत नाहीत. ही भीती खोटी नाही. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी उद्या सकाळी काठी घेऊन धावावे, असे सांगायला मी वेडा नाही. परंतु हाडांना भार लागतो, स्नायूंना ताण लागतो आणि बसून राहिल्याने दोन्ही लवकर जातात, हेही वैद्यकशास्त्रच सांगते. कॅनडातल्या ओल्गा कोटेल्को या निवृत्त शिक्षिकेने ७७ व्या वर्षी मैदानी खेळ सुरू केले आणि नव्वदीत त्या विक्रमांमागून विक्रम करीत होत्या. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला आणि त्या वयात अपेक्षित असलेली झीज त्यांना त्यात दिसली नाही. २०१४ मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तोपर्यंत खेळतच होत्या. एका बाईवरून सगळ्यांचा नियम काढता येत नाही, हे मान्य. पण मग एका मोडलेल्या खुब्यावरून सगळ्या आळीतल्या बायकांना घरात बसवण्याचा नियम आपण काढतो, त्याचे काय?

मी राहतो ते कोन हे गाव कल्याणच्या दुर्गाडीसमोर, खाडीच्या या अंगाला, भिवंडी रस्त्यावर. भातशेतीचा हा मुलूख. इथल्या आगरी-कोळी बायकांनी दिवसदिवस कमरेत वाकून लावणी केली आहे, डोक्यावर गवताचे भारे आणि मासळीच्या पाट्या वाहिल्या आहेत. आज त्या शेतांत इमारती उभ्या आहेत आणि त्याच बायका सदनिकेच्या खिडकीतून मालवाहू ट्रक मोजतात. सकाळी काही जणी पातळ नेसून, पायात नातवाचे जुने बूट घालून चालायला निघतात. पण चालायचे कुठे, तर त्याच रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या धुरात. ज्येष्ठ नागरिकांसाठी बाके असतात, त्यांवर आम्ही पुरुष बसलेलो असतो. व्यायामशाळेत पोरे असतात. कबड्डी या पट्ट्याच्या रक्तात आहे, रात्र-रात्र सामने चालतात, आणि बायका बघायला बसतात. खेळाच्या मैदानावर म्हाताऱ्या बाईला आपण दोनच जागा ठेवल्या आहेत, एक प्रेक्षकांत आणि दुसरी बक्षीस-समारंभात नारळ वाढवायला.

भिवंडी तालुक्यात पूर्णा, काल्हेर, माणकोलीपासून गोदामांचे जे जंगल उगवले आहे, त्यातल्या एखाद्या रिकाम्या गोदामात मी कधी डोकावलो, तर मनात वेडा हिशेब सुरू होतो. बांबूउडीला चाळीस मीटर धावपट्टी लागते. ती इथे आडवी मावते आणि उभीही मावते. छप्पर उंच, जमीन सपाट, ना ऊन ना पाऊस. मालकाने आठवड्यातून दोन दुपारी कोपरा दिला तरी पुरे. काठ्या महाग असतात आणि लोकलच्या मालडब्यातही मावत नाहीत, हे खरे. पण काठीआधी लागते ती गादी. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि अडीच फूट उंच. जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, क्रीडा खाते, गावातले दानशूर बिल्डर, कुणीही ती घ्यावी. उड्या मुलामुलींनीच माराव्यात हवे तर. फक्त दुपारी एक ते चार, जेव्हा पोरे शाळेत असतात आणि घरातल्या बायकांना तास-दोन तास सापडतात, तेव्हा ते दार आतून कडी न लावता ठेवावे. पहिले सहा महिने कुणी उडी मारायचीच नाही. नुसते पडायला शिकायचे. साठीच्या बाईला कुणी न ओरडता पडू देणे, ही आपल्याकडे नवीच गोष्ट ठरेल.

हा बेत मी आमच्या इमारतीतल्या एका आजींना सांगितला. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, जन्म याच गावातला, आयुष्य शेतात गेले. मला वाटले हसतील. त्यांनी गुडघा चोळत सगळे ऐकून घेतले. मग गादी किती जाड ते विचारले. मी कमरेजवळ हात धरून दाखवला. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "भाऊ, लुगडं नेसून चालतं का?"

मला जेवढे नियम ठाऊक आहेत, त्यांत लुगड्याला मनाई नाही. कपडे स्वच्छ आणि सभ्य असावेत एवढीच अट. कासोटा घट्ट मारला तर धावण्यात अडचण नसावी, हे बारामतीत दिसलेच आहे. पदर मात्र खोचून घ्यावा लागेल, कारण तो लागून दांडी खाली आली तर उडी बाद धरतात. प्रत्येक उंचीला तीन संधी असतात, हेही मी त्यांना सांगितले.